हिरवी वजनं

ती : मामा, ही हिरवी का आहेत?

मामा : काय हिरवं, ताई? आणि तुम्ही कधी आलात? वडील कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना?

ती : झालं. बरे आहेत. स्टँडवरून थेट इकडेच आले, ही बघा बॅग. मामा, मी वजनं म्हणतेय. माझी वजनं. मी गेले तेव्हा काळी होती, गंजकी होती. आता पोपटी झालीत.

मामा : हां, ती होय! रंगवली की. झकास दिसतात ना? जिन्याच्या कठड्याचा रंग उरला होता, म्हटलं वाया कशाला घालवायचा. दोन हात मारले.

ती : टांगलेली असतानाच?

मामा : छे, छे! तुमच्या फळीवर शिंतोडे उडाले असते. एक थेंब पडू दिला नाही, हवं तर भिंग घेऊन बघा. खाली काढली, कागदावर मांडली, रंगवली, सुकवली आणि होती तशी परत टांगली.

ती : खाली काढली.

मामा : हो.

ती : सगळी?

मामा : आता अर्धी हिरवी आणि अर्धी काळी, बरं दिसलं असतं का ते?

ती : मामा, ते स्टूल द्या जरा.

मामा : अहो, काय झालं? चेहरा केवढा उतरला! प्रवासात काही खाल्लं नाहीत ना? पाणी आणतो.

ती : पाणी नको. प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती. मी लिहिलेली, लाल अक्षरांत. 'प्रयोग चालू आहे, कशालाही हात लावू नये.' ती वाचली होती का कोणी?

मामा : वाचली ना! म्हणूनच आधी ती काढली. तपासणीला समिती येणार, आणि दारातच 'हात लावू नये'? कसं दिसतं ते? पण परत लावली हं. सरळ लावली. तुमची वाकडी होती.

ती : मामा, सव्वा वर्ष. सव्वा वर्ष ही फळी त्या वजनाखाली वाकतेय. वाकतेय म्हणजे काय, केसाएवढी. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी मी इथे येऊन, ती किती वाकली ते दाखवणारा हा काटा वाचते. ताप असला तरी येते. झपाटलेल्या माणसासारखी येते, पोरं मला काटेवाली म्हणतात ते मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? आणि या सगळ्यात नियम एकच. वजन हलवायचं नाही. बाकी काही करा, छताला आग लावा, पण वजन हलवायचं नाही!

मामा : अहो, पण परत टांगलं ना? तेवढंच वजन आहे. एक गुंजसुद्धा इकडची तिकडे नाही.

ती : तुमच्या डोक्यावर सव्वा वर्ष पोतं दिलं, आणि मधेच चार दिवस उतरवून झोपू दिलं, तर पाचव्या दिवशी तुमची मान तीच राहील का?

मामा : नाही. बरी होईल.

ती : तीच बोंब आहे! माझी फळी बरी झाली!

मामा : अरे देवा.

ती : कोणी सांगितलं काढायला?

मामा : सांगायचं काय त्यात... समिती येणार म्हणून साफसफाई चालली होती. माझ्याच मनात आलं.

ती : तुमच्या मनात?

मामा : आले बघा साहेब. त्यांनाच विचारा.

सर : अरे वा, आली का आमची काटेवाली! वडील कसे आहेत? दिसायला लागलं? बरं, बारा वाजता तुझ्या कामाच्या आढाव्याची बैठक आहे, लक्षात आहे ना? बाहेरचे तज्ज्ञ येऊन बसलेत, संचालकसाहेब चहा पाजतायत त्यांना. तुझ्या स्लाइडमध्ये तो शेवटचा आलेख जरा मोठा कर, मागच्या वेळी मला चष्म्यातूनही दिसला नव्हता.

ती : सर, वजनं उतरवली होती.

सर : हं?

ती : मी नसताना. रंगवायला.

सर : हां, ते. अगं, तीन-चार दिवसांचा तर प्रश्न. आणि समितीनं काय लिहिलंय माहितीये? 'अतिशय नीटनेटकी प्रयोगशाळा.' आमच्या विभागाला असलं वाक्य आजवर कोणी लिहिलं नव्हतं. मागच्या खेपेला काय लिहिलं होतं, मामा?

मामा : 'कोळिष्टकं.'

सर : कोळिष्टकं! एकच शब्द.

ती : सर, तुम्हाला माहीत होतं.

सर : ओझरतं कानावर आलं होतं. हे बघ, बारीकसं आहे. इतकं मनाला लावून घेऊ नकोस.

ती : बारीकसं?

सर : आलेखात चार दिवसांची फट पडेल, एवढंच. इकडचा बिंदू घे, तिकडचा घे, मधे रेघ ओढ. सव्वा वर्षाच्या आलेखात चार दिवस कोणाच्या डोळ्यांत येणार आहेत? प्रबंध दे, मोकळी हो. पोरीला किती दिवस आजीकडे ठेवणार आहेस?

ती : पोरीचं नाव काढू नका, सर. नवरा एका गावी, पोर माझ्या आईकडे, मी इथे या फळीपाशी. का? तर टाकाऊ प्लास्टिकच्या फळ्यांचे पादचारी पूल बांधता येतील का, हे जगाला सांगायला. काल निघाले तेव्हा पायाला मिठी मारून बसली होती. रोज फोनवर विचारते, आई, फळी वाकली का? तिला वाटतं फळी पुरती वाकली की आई घरी येते. आणि तसंच आहे ना! या उन्हाळ्यात संपणार होतं.

सर : मग संपव ना! मीही तेच म्हणतोय. उगाच शब्दाचा कीस कशाला काढतेस?

ती : रेघ कुठून कुठे ओढू? या बिंदूपासून ओढेन, ठीक आहे. पण पलीकडचा बिंदू कुठला? इकडे या. काटा वाचा.

सर : वाचतो की. ... हे कसं काय?

ती : मी गेले त्या सकाळी काटा इथे होता, या मोठ्या आकड्यापाशी. आता इथे आहे, शून्याच्या शेजारी. मला आधी वाटलं फळी मोडली. मोडली असती तर परवडलं असतं, निदान लिहिता तरी आलं असतं, 'मोडली'. कोणीतरी तबकडी फिरवून काटा शून्यावर आणलाय, सर. वजनं खाली असताना. त्यानंतर वजनं टांगली. म्हणजे आता तो काटा जे सांगतोय ते कशापासून मोजलेलं आहे, ते देवालाही माहीत नाही. मागचं पुढच्याला जोडायची वाटच नाही. गेलं सगळं पाण्यात. चार दिवसांत एकदा तरी कोणी काटा वाचला असता तर! वजन काढण्याआधी, नुसता एकदा. तुम्ही म्हणाला होतात, सर. मी जायला तयार नव्हते. म्हटलं, बाबांना भाऊ नेईल. तुम्हीच म्हणालात, 'जा गं, बाप एकच असतो. फळीकडे मी बघतो, डोळ्यांत तेल घालून बघतो.'

सर : म्हणालो होतो. मग समितीचं उपटलं, आणि राहून गेलं. राहून गेलं गं.

ती : काटा कोणी फिरवला?

मामा : मी.

ती : तुम्ही?

मामा : मीच, ताई. पुसताना. म्हटलं सगळे काटे एका रांगेत शून्यावर असले की कसं देखणं दिसतं. माझंच चुकलं. तुम्ही आत बैठकीत माझं नाव सांगा. मी काय, शिपाई माणूस, पुढच्या वर्षी निवृत्त होऊन घरीच बसणार आहे. मला कोण काय करणार?

ती : कसा फिरवलात?

मामा : कसा म्हणजे? हाताने.

ती : दाखवा.

मामा : आता परत कशाला हात लावायचा, आधीच...

ती : आता लावला काय नि नाही काय. दाखवा.

मामा : हे काय, असं... हा काटा असा बोटानं...

ती : काटा काचेच्या आत आहे, मामा.

मामा : मग काच... काच काढली असेल.

ती : काच निघत नाही. बाजूला एक बारीकसा स्क्रू आहे, तो नखानं सैल करायचा, मग बाहेरची कडी फिरते, कडीबरोबर तबकडी फिरते आणि शून्य काट्याखाली येतं. मग स्क्रू परत आवळायचा. आवळलेला आहे. इतक्या नीट कोणी आवळला? मामा, तुम्ही कशाला दुसऱ्याचं अंगावर घेताय?

मामा : मी... साहेब, मला ते स्क्रूचं माहीत नव्हतं.

सर : जाऊ दे, मामा. तुम्ही चहाचं बघा.

मामा : साहेब, पण...

सर : जा हो. ... मी फिरवला.

ती : तुम्ही.

सर : समिती दोन दारं पलीकडे होती. मी शेवटची नजर टाकायला आत आलो. वजनं खाली कागदावर वाळत होती, मीच सांगितलं होतं रंगवायला, मामांनी नाही. आणि हा काटा मधेच कुठेतरी थांबलेला. अगं, तीस वर्षं मी पोरांना पहिल्या तासाला हेच शिकवतो. प्रयोग संपला, काटा शून्यावर आणा, मगच बाहेर पडा. तुलाही शिकवलं. न आणणाऱ्याला परत बोलावतो जिन्यावरून. हात आपोआप गेला. फिरवून, आवळून बाहेर पडलो आणि समितीला सांगितलं, या, ही आमची दीर्घकालीन चाचण्यांची प्रयोगशाळा.

ती : दीर्घकालीन!

सर : रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. उठून बसलो. बायकोला वाटलं छातीत दुखतंय.

ती : आणि मला फोन नाही केलात.

सर : तुझे वडील ऑपरेशनच्या टेबलावर. काय सांगू? आणि मग वाटलं, येईल तेव्हा बघू. मग वाटलं... काटेवाली आहे, पण कदाचित लक्षात येणार नाही.

ती : माझ्या? माझ्या लक्षात येणार नाही?

सर : मूर्खासारखं वाटलं. वाटायचं काय, वाटतं.

ती : आणि मघाशी मामा सगळं स्वतःच्या गळ्यात घालून घेत होते तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

सर : हो.

ती : मला शिव्या द्याव्याशा वाटतायत, आणि तुम्हाला देता येत नाहीत. हाच तर माझा संताप आहे. तुम्ही वाईट असता तर बरं झालं असतं. माझ्या बाळंतपणात तुमच्या घरून डबा यायचा. कोणाशी भांडू मी?

सर : भांड. माझ्याशीच भांड.

ती : बैठकीत काय सांगायचं?

सर : अं... तिथे संचालक आहेत. समितीच्या शेऱ्याची प्रत त्यांनी चौकटीत बसवून केबिनमध्ये लावलीये. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची निवड आहे. मी काही म्हणत नाही. फक्त... 'तांत्रिक अडचण' असं म्हणता येईल. खोटं नाही ते.

ती : तांत्रिक अडचण म्हटलं की विचारणार, कसली? वीज गेली? भूकंप झाला?

सर : मग तू ठरव. मी तुला खोटं बोल म्हणणार नाही.

ती : खरं बोल असंही म्हणत नाही आहात.

सर : बारा वाजत आले. चल.

(दुपार उलटलेली. तीच प्रयोगशाळा.)

मामा : काय झालं, ताई? घ्या, चहा घ्या आधी. गार झाला असेल, दुसरा आणू? काय म्हणाले?

ती : आलेख दाखवला. जिथे तुटला तिथे तोडला, रेघ नाही ओढली. बाहेरचे ते टक्कल असलेले तज्ज्ञ लगेच म्हणाले, इथे काय झालं? मी म्हटलं, माझ्या गैरहजेरीत वजनं हलवली गेली आणि काट्याचं शून्य बदललं.

मामा : कोणी, असं नाही विचारलं?

ती : विचारलं. मामा, मी जिना चढताना पाठ करत गेले होते. नाव घेऊन सांगायचं, घाबरायचं नाही, मान वर ठेवायची. आणि तोंडच उघडेना. तेवढ्यात संचालक म्हणाले, एवढा नाजूक प्रयोग होता तर तुम्ही गेलातच कशाला? जबाबदारी कोणाची? आणि मी काय म्हणाले असेन?

मामा : काय?

ती : 'माझी.' म्हणजे 'माझी चू—' इतकं म्हणाले. सव्वा वर्ष घालवलं दुसऱ्यानं, आणि माफी मागत होते मी! आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मामा : अहो, मग साहेब? साहेब गप्पच?

ती : साहेब उठले. खुर्ची एवढी जोरात मागे सरकली की सगळे दचकले. म्हणाले, हिनं नाही. वजनं मी उतरवायला लावली, समितीसाठी रंगवायची म्हणून. काटा मी माझ्या हातानं शून्यावर आणला. हिला घरी मी पाठवलं होतं आणि लक्ष ठेवायचा शब्द मी दिला होता. ही माझी विद्यार्थिनी आहे, आणि तिच्या कामाचं वाटोळं मी केलं.

मामा : 'वाटोळं' म्हणाले? त्या साहेबलोकांसमोर?

ती : तोच शब्द. मग तज्ज्ञ म्हणाले, वजनं कुठल्या रंगाची केलीत? सर म्हणाले, हिरव्या. कोणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं आणि रडूही. तशीच उभी राहिले, रुमाल नाकाला लावून.

मामा : आणि संचालक?

ती : सरांना म्हणाले, नंतर भेटा. बस, एवढंच.

मामा : गेलं म्हणजे विभागप्रमुखपद.

ती : बहुतेक. आणि माझं म्हणाल तर, आजपर्यंतचं काम पहिला भाग म्हणून धरतील, पण पुलासाठीचा आकडा त्यातून काढता येणार नाही. नवी फळी, नवी चाचणी, पहिल्यापासून. मुदत वाढवून दिली. उपकार केल्यासारखी दिली.

सर : मामा, ते मोठं कपाट उघडा. हिनं दोन फळ्या एकदम ओतल्या होत्या ना? जुळी आहे आत, वापरलेली नाही.

मामा : आलात होय, साहेब. भेटलात संचालकांना?

सर : भेटलो.

मामा : काय म्हणाले?

सर : चौकट खाली उतरवली म्हणाले. जाऊ दे. कपाट उघडा.

ती : आज नको, सर. मला आज या खोलीत थांबायचं नाहीये.

सर : आज नाही टांगली तर उद्या तू येणार नाहीस. मी ओळखतो तुला. घरी जाशील, पोरीला कुशीत घेशील, आणि म्हणशील, खड्ड्यात गेली ती फळी.

ती : म्हणेन. मग? काय चुकलं त्यात?

सर : काहीच नाही. तसं म्हणायचं असेल तर मी आत्ता बॅग उचलून स्टँडवर सोडतो तुला. पण ते तू ठरवून म्हण. माझ्यामुळे म्हणू नकोस.

ती : तुमच्यामुळेच तर सगळं! मी अजून रागावलेय, सर. तुम्ही आत बोललात म्हणून राग गेलेला नाही. लगेच जाणारही नाही.

सर : रागाव.

ती : माझं वर्ष मला कोणी परत देणार नाही.

सर : नाही.

ती : माझी पोर तोवर शाळेत जायला लागेल. तिचा पहिला दिवस मी फोनवर बघणार.

सर : हो.

ती : 'हो' काय म्हणताय नुसतं!

सर : दुसरं काय म्हणू गं? जे म्हणेन ते बारीकसंच होईल.

ती : ... मामा, उघडा कपाट. पण जपून. कोपरा आपटू देऊ नका.

मामा : फुलासारखी आणतो. ही घ्या. हिला काय, अगदी सुतात सरळ आहे.

ती : दोन्ही टेकूंवर नीट बसवा. थोडी इकडे. बस. आता हुक. सर, तुम्ही तिकडचं टोक धरा... नको, तुम्ही कशालाच हात लावू नका.

सर : हे बघ, खिशात घातले.

ती : मामा, वजनं द्या. सावकाश, एकेक.

मामा : हिरवीच टांगायची? की खरवडून देऊ?

ती : हिरवीच राहू द्या. आता परत कोणी खाली काढायला नको.

सर : काटा बघ आधी. वजन टांगायच्या आधी.

ती : बघतेय. मला कळतं. तुम्हीच शिकवलंय. ... शून्य. मामा, टांगा. ... दुसरं. ... आता थांबा, कोणी दारही उघडू नका.

मामा : ताई, तुमचा फोन वाजतोय. बॅगेत.

ती : वाजू दे.

सर : घे गं. तिचाच असणार. वाचन मी करतो. लांबूनच, हात न लावता. वेळ टाकून लिहितो.

ती : हॅलो... हो गं, पोचले मघाशीच. बाबांनी... आजोबांनी थेंब घातले का डोळ्यात? ... आणि तू जेवलीस? ... काय? ... नाही, राणी. आज नाही वाकली. आज सरळ आहे.